पिठीतली गोळी: दिरांचं औषध चोरून द्यायचं की सांगून?

खळ्यातली_तुळस | १४ जून, रात्री ११.१०

मोबाईलवरून टंकतेय आणि पावसामुळे लाईट जाऊन-येऊन आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्या. इथे इतकी वर्षं नुसती वाचते. आज लिहायला बसले कारण घरात हे कुणाशी बोलता येत नाही.

आम्ही देवगड तालुक्यात खाडीकाठच्या एका वाडीत राहतो. घरात मी, हे, बारावीतली लेक आणि माझे धाकटे दीर. भाऊजी ४४ वर्षांचे आहेत. एकविसाव्या वर्षी मुंबईत डिप्लोमा करत असताना स्किझोफ्रेनिया सुरू झाला. खोलीवरच्या पोरांनी गाडीत बसवून दिलं, तेव्हापासून घरीच. पहिली दोन वर्षं फार वाईट गेली म्हणतात, मी तेव्हा या घरात आले नव्हते. मी आले तेव्हा भाऊजी शांत होते. विहिरीचं पाणी काढायचे, सुपाऱ्या सोलायचे, बिडी ओढत पडवीत बसायचे. स्वतःशी पुटपुटायचे, पण कुणाला त्रास नाही. लेकीला सायकल त्यांनीच शिकवली.

ते औषध घेत नाहीत हे मला लग्नानंतर महिन्याभराने कळलं. "माका काय झाला हा?" असं उलट विचारायचे. मग दर महिन्याला येणाऱ्या गोळ्या जातात कुठे? तर सासूबाई रोज संध्याकाळी दोन गोळ्या खलात कुटायच्या आणि भाऊजींच्या वाटीतल्या पिठीत घालायच्या. कुळथाची पिठी. घरात मासे असोत, सणाचं गोडधोड असो, त्यांच्यापुरती वाटीभर पिठी व्हायचीच. मी एकदा विचारलं, आई, कडू लागत नाही का? म्हणाल्या, "लागता. मी त्येका सांगलंय, कुळीथ भाजताना माजो हात जड पडता."

मे अखेरीस सासूबाई गेल्या. सुतकात चूल पेटली नाही, जेवण शेजारून यायचं. तेवढे दिवस पिठी नाही आणि गोळीही नाही. भाऊजी रात्रीचे खळ्यात फेऱ्या मारायला लागले. मला वाटलं आईचं दुःख आहे, ते होतंच म्हणा. चौदाव्या दिवशी मी पिठी केली. खल धुतला, गोळ्या कुटल्या, हात थरथरत होता. भाऊजींनी एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. माझ्या पोटात गोळा आला, यांना कळलं. तर माझ्याकडे बघून म्हणाले, "वयनी, आवशीच्या हातची चव तुका कोणी शिकयल्यान?" आणि रडत रडत वाटी चाटून संपवली.

त्या दिवसापासून मला झोप नाही. बावीस वर्षं ज्या कडवटपणाला ते आईच्या हाताची चव समजतात, ती गोळीची चव आहे. आता तो हात माझा झालाय.

हे म्हणतात, आई करायची तसंच कर, उगाच काय पोखरतेस. थोरले दीर मुंबईहून फोन करतात की त्याला कायमचं कुठेतरी ठेवूया, आणि त्याच फोनमध्ये हक्कसोडपत्राचाही विषय निघतो. डॉक्टर म्हणाल तर सासूबाई जुना कागद दाखवून गोळ्या आणायच्या. डॉक्टरांनी भाऊजींना शेवटचं कधी बघितलं ते कुणालाच आठवत नाही.

मी काय करू? सांगू? आणि सांगितल्यावर त्यांनी माझ्या हातचं जेवायचंच बंद केलं तर?

---

गडगा | १५ जून, सकाळी ७.४०

चालू ठेवा. मी माझ्या वडिलांना सात वर्षं चहातून दिलं, मला काडीचा पश्चात्ताप नाही. औषध सुटल्यावर घरात काय होतं ते ज्याने बघितलंय त्याने बोलावं. बाकीचे तत्त्वज्ञान झाडतील, त्यांच्या घरी कोयता लपवून ठेवायची वेळ आलेली नसते.

---

वाशिष्ठीकाठ | १५ जून, दुपारी २.१५

गडगा, माझ्या घरी कोयता, विळी, सुरी सगळं लपवलेलं होतं. तरीही तुमच्याशी सहमत नाही.

तुळसताई, माझा मुलगा २९ वर्षांचा आहे, तोच आजार. आम्ही सोलकढीतून देत होतो. एक दिवस त्याने मला ओट्यापाशी वाटीत चमचा फिरवताना बघितलं. काही बोलला नाही. त्या दिवसापासून सव्वादोन महिने तो फक्त सालीसकट केळी, सालीसकट उकडलेली अंडी आणि स्वतः फोडलेला नारळ खात होता. पाणी स्वतः विहिरीवरून आणायचा आणि कळशी रात्री उशाशी घेऊन झोपायचा. माझ्या हातचं मीठसुद्धा नको. पोरगं डोळ्यांदेखत हाडं झालं आणि मी त्याच्यासाठी काही शिजवू शकत नव्हते. आईला याहून मोठी शिक्षा नसेल.

आज तो गोळी घेतो. कसं जमलं ते एका ओळीत सांगण्यासारखं नाही. आम्ही आधी स्वतःला बदललं. पुण्यात शुभंकरांच्या गटात जाऊन बसायला लागलो. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणायची पद्धत मराठीत आता बरीच रुळली आहे. मला आधी हे शब्द गुळगुळीत वाटले होते, पण 'वेड्याची आई' यापेक्षा बरे.) तिथे कळलं की घरातल्या सततच्या टोचण्या, आरडाओरडा आणि डोळ्यात तेल घालून मागे मागे राहणं, यानेही आजार उलटतो. ब्रिटनमध्ये जॉर्ज ब्राऊन यांनी १९५०-६० च्या दशकांत हे शोधलं: बऱ्या होऊन घरी गेलेल्यांपैकी ज्यांच्या घरात टीका आणि कडवटपणा जास्त, ते जास्त वेळा पुन्हा आजारी पडले. आंघोळ केली नाहीस, नखं कापली नाहीस, अजून किती झोपणार, हे मी दिवसातून तीस वेळा म्हणायचे. तो आळस नसतो, आजाराचाच भाग असतो, हे मला सहाव्या वर्षी कळलं.

---

पावणेर | १५ जून, रात्री ९.०५

हे सगळं ठीक आहे, पण देवस्कीचं एकदा बघून घेतलंत का? आमच्याकडे एकाला असंच होतं, घराण्यातलं जुनं राहून गेलेलं निघालं.

---

खळ्यातली_तुळस | १५ जून, रात्री १०.३०

पावणेर, पहिल्या दोन वर्षांत सगळं करून झालंय. कौल लावले, कोंबडे दिले, एका ठिकाणी तर धुरी देऊन भाऊजींच्या पाठीला फोड आणले. ते डाग अजून आहेत. ग्रामदेवतेला गाऱ्हाणं मी आजही घालते, पण कुणाकडे नेणार नाही.

वाशिष्ठीकाठताई, केळी-अंड्यांचं वाचून रात्रभर तेच डोळ्यासमोर राहणार आता.

---

निवृत्त_सिस्टर | १६ जून, दुपारी ३.२०

मी मनोरुग्ण विभागात २६ वर्षं काम केलेली परिचारिका. डॉक्टर नाही, त्यामुळे डोस बदलायचं मी सांगणार नाही आणि तुम्ही मनाने बदलायचा नाही. गोळ्यांची नावं सांगाल का? आणि एक बघा: भाऊजी तोंड सतत चघळल्यासारखं हलवतात का? जीभ आत-बाहेर? काही खात नसताना?

---

खळ्यातली_तुळस | १६ जून, संध्याकाळी ६.५०

पट्टीवर हॅलोपेरिडॉल आणि ट्रायहेक्सिफेनिडिल असं आहे. आणि हो!! चार-पाच वर्षं झाली. वाडीतली पोरं त्यांना 'रवंथ' म्हणून चिडवतात. आम्हाला वाटायचं सुपारीची सवय. तुम्ही न बघता कसं ओळखलंत?

---

निवृत्त_सिस्टर | १७ जून, दुपारी २.४५

ओळखलं कारण जुन्या पिढीतली औषधं वर्षानुवर्षं चालली की काहींना हे होतं. टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात. वेळेत लक्षात आलं तर डॉक्टर औषध बदलतात, पण त्यासाठी कुणीतरी माणसाकडे बघावं लागतं, नुसत्या कागदाकडे नाही. ट्रायहेक्सिफेनिडिल ही आजारावरची गोळी नव्हे. हॅलोपेरिडॉलने अंग आखडतं, हात थरथरतात, त्यावर देतात. पण तोंडाची ही चाळवाचाळव तिच्याने उलट वाढू शकते. म्हणजे बावीस वर्षं पिठीत पडत आलेल्या दोनपैकी एक गोळी आज लागते का, हाच प्रश्न आहे. तुमची ती कडू चव बहुधा तिचीच.

चोरून देण्यात मला फसवणुकीपेक्षा हा धोका मोठा वाटतो. ज्याला माहीतच नाही की आपण औषध घेतोय, तो सांगणार कसा की मला जीभ जड वाटते, मान आखडते, बद्धकोष्ठ झालंय? त्याच्या अंगाची तक्रार करायची सोयच आपण काढून घेतो. शिवाय काही गोळ्या कुटायच्या नसतातच, वरचं आवरण पोटातच विरघळावं म्हणून दिलेलं असतं. आणि वाटीतली अर्धी पिठी मांजराने खाल्ली तर त्या दिवशीचा डोस किती, देव जाणे.

पण गडगांनाही सांगते, तुमच्यावर रागावलेली नाही. वॉर्डात मी असे शेकड्यांनी नातेवाईक बघितले. सासूबाईंनी त्यांना बावीस वर्षं जगवलं, घरात ठेवलं, साखळी न लावता. त्या पिढीला याहून वेगळं कुणी शिकवलंच नव्हतं.

आता काम. भाऊजींना 'तुम्हाला स्किझोफ्रेनिया आहे, दवाखान्यात चला' म्हणू नका. त्यांच्या लेखी त्यांना काही झालेलंच नाही. हा हट्ट नव्हे, बऱ्याच जणांत आजाराची जाणीव न होणं हेच आजाराचं लक्षण असतं. त्यांना स्वतःला ज्याचा त्रास होतो, त्यासाठी न्या. झोप येत नाही म्हणून, किंवा तोंड हलतं आणि पोरं चिडवतात म्हणून. हे खोटं नाही, त्यांचीच तक्रार आहे. साखर, रक्तदाब, वजन हेही बघून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार गंभीर मानसिक आजाराची माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात, आणि जातात ती बहुतेक हृदयविकार, मधुमेहासारख्या साध्या दुखण्यांनीच. बिडीबद्दल डॉक्टरांना आवर्जून सांगा. ओलान्झापिन, क्लोझापिन ही औषधं धुरामुळे शरीरातून लवकर संपतात. बिडी सोडली की तोच डोस अंगावर येतो.

गोळीला पर्याय म्हणून महिन्याभराच्या अंतराने घ्यायची इंजेक्शनंही असतात. रोजची कटकट नको असणाऱ्यांना ती बरी पडतात. तेही त्यांना विचारून.

मध्येच रात्री-अपरात्री अडलात तर १४४१६. टेलि-मानस. फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.

---

परळ_ते_पडवी | १७ जून, रात्री ११.५०

थोडं कडवट बोलतो. घरात बारावीतली मुलगी आहे हे कुणी बघतंय का? रत्नागिरीला सरकारी मनोरुग्णालय आहे, ब्रिटिशांच्या काळापासून आहे. तिथे ठेवा, सणाला भेटून या. सगळ्यांचंच आयुष्य का वाया घालवायचं?

---

खळ्यातली_तुळस | १८ जून, सकाळी ६.१५

माझ्या मुलीला मी घरात सर्वांत जास्त कुणावर सोपवून बाजारात गेले असेन तर ते भाऊजी. बाकी उत्तर देत नाही.

---

साक्षीपुरावा | १८ जून, दुपारी १.००

पेशाने वकील, म्हणून परळकरांचं उत्तर मी देतो.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. घरचे नको म्हणतात किंवा घर नाही, एवढ्या कारणावरून कुणालाही मनोरुग्णालयात ठेवून देता येत नाही, समाजात राहण्याचा त्याला हक्क आहे. संमती न देता येण्याइतकी अवस्था बिघडली तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णाने आपल्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाच्या) अर्जावर दाखल करता येतं, पण तेही आधी ३० दिवसांपर्यंतच. पुढे ठेवायचं तर पुन्हा तपासणी आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची देखरेख. रुग्णालय ही उपचाराची जागा आहे, अडगळीची खोली नव्हे. साखळीला तर कलम ९५ ने सरळ बंदी आहे. ती का आली ते विसरू नका: ६ ऑगस्ट २००१, तामिळनाडूत एरवाडी. दर्ग्याजवळच्या एका झोपडीवजा आश्रमाला पहाटे आग लागली, खांबांना बांधलेली २८ माणसं जळून मेली. सुटता आलं नाही म्हणून.

तुळसताई, तुमच्या कामाचं: भाऊजी बरे असताना त्यांना विचारून नामनिर्देशित प्रतिनिधीचा कागद करून ठेवा. साधा कागद चालतो, दोघांच्या सह्या. आजार बळावला तर कसे उपचार हवेत-नकोत हेही ते आधी लिहून ठेवू शकतात. कायदा गृहीत धरतो की प्रत्येकाला निर्णय घेता येतो, येत नाही हे दाखवावं लागतं. आपल्या घरांत नेमकं उलटं चालतं.

हक्कसोडपत्रावर घाईने सही होऊ देऊ नका. आजार आहे म्हणून वारसाहक्क जात नाही, हिंदू उत्तराधिकार कायद्यात कलम २८ त्यासाठीच आहे. आणि सासऱ्यांची सरकारी नोकरी होती का?

---

खळ्यातली_तुळस | १८ जून, रात्री ९.४०

जिल्हा परिषद शाळेत मास्तर. सासूबाईंना त्यांची फॅमिली पेन्शन होती.

---

साक्षीपुरावा | १९ जून, सकाळी १०.१०

मग ती भाऊजींना मिळू शकते, कमावू न शकणाऱ्या मनोविकलांग मुलाला हयातभर. सिव्हिल सर्जनचा दाखला लागेल, शिवाय दिव्यांगत्वाचं कार्ड काढून घ्या. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे. चकरा भरपूर मारायला लागतील, पण सोडू नका. ही रक्कम त्यांची स्वतःची असेल, आणि घरातलं माणसाचं स्थान त्याने किती बदलतं ते मी दोन-तीन घरांत बघितलंय.

---

रेडिओ_बंद | २० जून, रात्री १.३५

मी या धाग्यावर लिहू की नको करत चार दिवस काढले.

मी तुमच्या भाऊजींच्या जागेवरचा माणूस आहे. वय ३८, गुहागरकडचा, आजार तोच. हा आयडी का घेतला ते समजून जा.

मला बहीण ताकातून देत होती. मला नक्की माहीत नव्हतं, पण ताक पिऊन तासाभराने पाय जड व्हायचे हे कळत होतं. मी सगळ्यांना सांगायला लागलो की माझ्या जेवणात काहीतरी घालतात. शेजाऱ्यांना सांगितलं, एसटीत सांगितलं. बहिणीने मला डॉक्टरांकडे नेलं आणि डॉक्टरांनी ते लक्षण म्हणून कागदावर लिहिलं, की याला जेवणात विष घालतात असा संशय येतो. बहीण शेजारी बसली होती. गप्प.

मला तेव्हा आवाज ऐकू यायचे, टीव्हीवरचा माणूस माझं नाव घ्यायचा. ते सगळं खोटं होतं हे आज कळतं. पण त्या सगळ्यात एकच गोष्ट खरी होती आणि नेमकी तीच वेड म्हणून लिहिली गेली. पुढे कितीतरी वर्षं मी कुठल्याच गोष्टीबद्दल सांगू शकत नव्हतो की ही खरी की माझ्या डोक्यातली. ताकाचं खरं निघालं होतं ना.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर अन्याय होईल. मी आज हे नीट वाक्यांत लिहितोय त्यात त्या ताकाचाही वाटा आहे. तिने दिलं नसतं तर मी रेल्वेरुळावर असतो. तेव्हा तिला माफ केलं का असं कुणी विचारू नका, दोन्ही गोष्टी एकाच वेळी आहेत.

तिने शेवटी सांगितलं तेव्हा मी ताकाचं भांडं अंगणात फेकलं होतं. आता ती रात्री गोळी माझ्या तळहातावर ठेवते आणि आत निघून जाते. गिळली का बघायला थांबत नाही. तोंड उघडून दाखव म्हणत नाही. कधी कधी मी घेत नाही. सकाळी सांगतो, काल घेतली नाही. ती म्हणते बरं. तिने एकदा जरी थांबून बघितलं असतं ना, तर मी रोज जिभेखाली ठेवून थुंकली असती.

सांगा त्यांना. पण सांगून लगेच उत्तर मागू नका.

---

गडगा | २० जून, सकाळी ८.००

वाचलं. माझे वडील कधी काही बोललेच नाहीत. मला वाटायचं त्यांना कळत नाही.

---

खळ्यातली_तुळस | १६ ऑगस्ट, रात्री १०.२०

धागा वर काढतेय. जमलं तसं लिहिते.

जून आणि जुलै पिठी चालूच ठेवली. एकदम बंद करायचं धाडस नव्हतं, आणि सिस्टर म्हणाल्या तसं मनाने काही बदलायचं नाही असं ठरवलं. आमच्या आशाताई (गावच्या आरोग्य स्वयंसेविका) रक्तदाब बघायला म्हणून आठवड्यातून एकदा खळ्यात येऊन बसायला लागल्या, भाऊजींशी गप्पा मारायला. त्यांना औषधाबद्दल एक शब्द बोलू नका म्हटलं होतं. त्या नुसत्या पडवळाच्या वेलाबद्दल बोलायच्या.

नारळी पौर्णिमेच्या आधी एका दुपारी मी खल आणि गोळ्यांची पट्टी घेऊन पडवीत त्यांच्याजवळ बसले. ह्यांना खाडीवर धाडलं होतं. मी म्हटलं, भाऊजी, तुम्ही विचारलं होतंत ना, चव कुणी शिकवली? ही बघा. आई रोज हे घालायची. तुम्हाला बरं वाटावं म्हणून. आता मी घालते, आणि मला न सांगता घालायचं नाहीय.

त्यांनी खल हातात घेतला. बोट आत फिरवलं, जिभेला लावलं. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "आवशीन माका कित्या सांगूक नाय?"

मी म्हटलं, भियाली ती. तुमी सोडून जाशात म्हणान.

पुढे काही बोलले नाहीत. खल घेऊन विहिरीकडे गेले, तिथल्या फातरीवर घासून घासून धुतला, आणून देवघरात ठेवला. देवघरात का, ते मी विचारलं नाही.

रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीपासून मागच्या दारी तीन दगडांवर स्वतःची पेज स्वतः शिजवायला लागले. वाशिष्ठीकाठताई, मला तुमची केळी आठवत होती. मी फक्त रोज रात्री पट्टी आणि तांब्याभर पाणी पडवीच्या कट्ट्यावर ठेवायचे आणि आत जायचे. सकाळी पट्टी तशीच. पाच दिवस. सहाव्या रात्री अजिबात झोप नाही, मोठ्याने बोलणं, कुणाला तरी शिव्या. हे चिडून बाहेर धावले, मी आडवी आले. रात्री दीडला १४४१६ लावला. पलीकडे एक बाई होत्या, त्यांनी शांतपणे विचारलं, स्वतःला किंवा तुम्हाला इजा करतायत का, हाताशी काय आहे, पाणी पितायत का. म्हणाल्या, वाद घालू नका, दिवा राहू द्या, माणसं कमी करा. ह्यांना मी आत पाठवलं आणि खळ्याच्या पायरीवर नुसती बसून राहिले. पहाटे भाऊजी दमून माझ्यापासून तीन हातांवर येऊन बसले. म्हणाले, "वयनी, तोंड थांबना नाय गो. पोरा हसतत."

सिस्टर, तुमचे उपकार. मी म्हटलं, त्याच्यासाठी डॉक्टर आहेत, जाऊया? हो म्हणाले.

---

खळ्यातली_तुळस | २४ सप्टेंबर, रात्री ९.३०

यंदा गणपती साधेपणानेच झाला. चाकरमानी आले, गेले. थोरल्या दिरांनी कागद बॅगेतून काढला होता, हे म्हणाले बाळ्याला विचारून बघ. भाऊजी म्हणाले, "माका वाचूक दी." दीड दिवस वाचत बसले. दीर कागद घेऊन परत गेले. पेन्शनचा अर्ज दिलाय, दाखल्यासाठी पुढची तारीख पडलीय, त्याबद्दल बोलण्यासारखं अजून काही नाही.

ओरोसला डॉक्टरांकडे ह्यांच्या रिक्षातून गेलो होतो, लेक मुद्दाम बरोबर आली. डॉक्टरांनी आधी भाऊजींनाच आत घेतलं, आम्हाला नंतर. औषध बदललंय, जुनं हळूहळू कमी करत. ती कडू गोळीही टप्प्याटप्प्याने बंद केली. तोंडाचं एकदम जाणार नाही म्हणाले, पण थोडं कमी वाटतं. इंजेक्शनचंही विचारलं, ते भाऊजींना नको. गोळी ते आता स्वतःकडे ठेवतात, सासऱ्यांच्या तंबाखूच्या डबीत. रोज घेतातच असं नाही. मागच्या आठवड्यात दोनदा म्हणाले, आज नाय घेवक. मी बरं म्हटलं. जीव खाली-वर झाला, पण बरं म्हटलं. तिसऱ्या दिवशी डबीचा आवाज आला.

जेवण अजून अर्धं-अर्धं आहे. सकाळची पेज त्यांची ते करतात. रात्री आमच्यात बसतात. परवा पहिल्यांदा पिठी मागितली. मी केली, काही न घालता. एक घास भात कालवून खाल्ला आणि म्हणाले, "सपक झाली गो." मीठ बघितलं तर बरोबर होतं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

काल कुळीथ भाजताना थोडे मेथीदाणे लालभडक भाजून त्यात दळले. ताटात वाढायच्या आधी त्यांना सांगितलं, भाऊजी, आज ह्यात मेथी घातलीय. त्यांनी घोट घेतला, मान वाकडी करून विचार केला, आणि म्हणाले, "लागी इलंस." (जवळ आलीस.)

---

रेडिओ_बंद | २४ सप्टेंबर, रात्री ११.५५

🙏

---

गडगा | २५ सप्टेंबर, सकाळी ७.१५

मेथी कुळथाबरोबरच भाजायची की वेगळी?

---

खळ्यातली_तुळस | २५ सप्टेंबर, सकाळी ७.४०

वेगळी. लवकर करपते. पावशेर कुळथाला अर्धा चमचा पुरे. भाऊजींच्या पिठाला एक.